आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की आधी विचारतो, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. गावभागातल्या आमच्या घरात या आकड्यांवर कामं लावलेली होती. ४० झालं की आई खालच्या फडताळातले डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला लावायची. ४३ ला गॅसची टाकी वर आणि कागदपत्रांची ट्रंक मामाकडे विश्रामबागला. ४५ ला आजीला रिक्षात बसवायचं, ती कितीही कुरकुरली तरी. मी आणि धाकटा भाऊ पायरीवर खडूनं रेघ मारून पाणी चढतंय का बघत बसायचो.

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. रात्री साडेनऊला त्याच भावाचा फोन आला. सांगलीत तेव्हा शुक्रवारची सकाळ.

"आक्का, टीव्हीवर फ्लोरिडाचं वादळ दाखवायलेत. लई मोठं आहे म्हणे. तुमच्याकडं काय?"

"अरे, आम्ही डोंगरात राहतो. समुद्र इथनं चारशे किलोमीटर. इथं येईपर्यंत वादळाचा जीव जातो. पाऊस तेवढा दोन दिवस धरून बसलाय."

"ते असू दे. नदीला किती?"

मला सांगता येईना. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशविल गावात मी अकरा वर्षं राहत होते. कामाला जाता-येता रोज स्वानानोआ नदीचा पूल ओलांडत होते. आणि तिला धोका किती फुटांना, हे सांगलीत जन्मलेल्या मला ठाऊक नव्हतं.

समुद्र नाही, मग वादळ कसलं?

आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात, त्यालाच अटलांटिकच्या बाजूला हरिकेन म्हणतात. जातकुळी एकच: कोमट समुद्रावर जन्म, वाफेवर पोसणं आणि जमिनीवर आलं की हळूहळू मरणं. या 'हळूहळू मरण्या'वरच आमच्या गावाचा भरवसा होता. ॲशविल ब्लू रिज डोंगरांत, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर. उन्हाळा सौम्य, किनारा लांब. किनाऱ्यावरची वादळं आणि दक्षिणेकडचा उकाडा यांना कंटाळलेली माणसं इथे घरं घेत होती. हवामान बिघडेल तेव्हा आसऱ्याला जायची गावं म्हणून वर्तमानपत्रं याद्या छापायची, त्यांत आमचं नाव असायचं. शिवाय अमेरिकेच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचं राष्ट्रीय दफ्तर याच गावात आहे. मी हिशेबनीस, कर भरून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयात काम करते. सगळ्या देशाच्या पावसाच्या खातेवह्या आपल्या गावात आहेत, याचं मला उगाच कौतुक वाटायचं.

हेलेन वादळ त्या गुरुवारी रात्री अकरा वाजून गेल्यावर फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं. वारा ताशी २२५ किलोमीटर, म्हणजे पाचपैकी चौथ्या श्रेणीचं वादळ. पण ही श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते. पाऊस किती आणणार, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. आमच्यापर्यंत आलं तेव्हा ते हरिकेनही राहिलेलं नव्हतं, नुसतं उष्णकटिबंधीय वादळ होतं. टीव्हीवर 'वादळ कमजोर पडलं' अशी पट्टी फिरते, तेव्हा डोंगरातल्या माणसानं उठून बसायला हवं, हे मला आज कळतं. अमेरिकेत २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी अर्ध्याहून अधिक माणसं पावसाच्या पुरात गेली. समुद्राच्या उधाणानं त्या मानानं थोडी नेली.

त्या रात्री आमच्यावर तीन गोष्टी एकदम आल्या.

पहिली, वादळाच्या आधीचा पाऊस. बुधवारपासून एक हवामानाचा पट्टा डोंगरावर अडून बसला होता आणि हेलेन शेकडो किलोमीटरवरून त्याला बाष्प पुरवत होतं. वादळ किनाऱ्याला टेकायच्या सुमारास आमच्या विमानतळावर नऊ इंचांच्या आसपास पाऊस होऊन गेला होता. मी भावाला 'पाऊस तेवढा धरून बसलाय' म्हणाले, तो खरं तर वादळाचा पहिला हप्ता होता. जमीन तुडुंब भिजली होती, ओढे काठाला लागले होते.

दुसरी, डोंगर. कोकणातून सह्याद्रीला धडकणारे ढग वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. म्हणून महाबळेश्वर भिजतं आणि सांगली, जत, आटपाडी कोरडी राहतात. दक्षिणेकडून येणारं बाष्प ब्लू रिजच्या कड्यावर तसंच चढलं. आमच्या ईशान्येला बिझिक नावाची छोटी वस्ती आहे. तिथे तीन दिवसांत ३० इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सांगली शहरात वर्षभरात पडतो त्याहून जास्त.

तिसरी, वेग. हेलेन जमिनीवर रेंगाळलं नाही, ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरनं धावत आलं. मरायला त्याला वेळच मिळाला नाही. रात्री फ्लोरिडात होतं ते उजाडता आमच्या अंगावर. माउंट मिचेल या जवळच्या शिखरावर वाऱ्याचा झोत ताशी १७० किलोमीटरपर्यंत गेला.

खोकी

शुक्रवारी पहाटे मला जाग आली ती झाडांच्या आवाजानं. आधी कडाड, मग क्षणभर काहीच नाही, मग जमिनीला हादरा. आमच्या टेकडीवर ओक आणि पॉप्लरची जुनी झाडं आहेत. ती मोडत नव्हती, मुळांच्या अख्ख्या गड्ड्यासकट आडवी होत होती, कारण खालच्या मातीचा चिखल झाला होता. आठच्या सुमाराला वीज गेली. दुपारपर्यंत फोन मुका झाला. संध्याकाळी नळानं दोनदा खोकल्यासारखं केलं, लालसर पाणी टाकलं आणि गप्प झाला.

खाली काय झालं हे आम्हाला तीन दिवस कळलं नाही. जगाला आमचे व्हिडिओ दिसत होते, आम्हाला काहीच नाही. चौथ्या दिवशी आडव्या झाडांवरून चढत-उतरत मी कार्यालयाकडे गेले.

ते गावातल्या बिल्टमोर नावाच्या सखल भागात, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. रस्त्यावर घोटाभर चिखल. त्याला डिझेल आणि सांडपाण्याचा मिळून एक वास, तो बुटांमधून अजून गेलेला नाही. दाराच्या चौकटीच्या वर चिखलाची सरळ रेघ, ओळंबा लावून मारल्यासारखी. आत लोकांच्या कागदांची खोकी फुगून फुटली होती. कुणाची सात वर्षांची बिलं, कुणाचे पगाराचे कागद. सगळ्याचा मिळून राखाडी लगदा.

या खोक्यांचं मला सांगायचं आहे. गुरुवारी दुपारी चारला मी निघाले, तेव्हा ती जमिनीवर ओळीनं मांडलेली होती. मी ती पाहिली. मला आईचे डाळ-तांदळाचे डबे आठवले, अगदी स्पष्ट आठवले. वरच्या मजल्यावर रिकामी खोली होती, आम्ही पाच जण होतो, तासाभराचं काम. पण मी बोलले नाही. अमेरिकेतल्या कार्यालयात, सगळे घरी जायच्या गडबडीत असताना, 'खोकी वर नेऊ या' म्हणणारी बाई वेडी दिसेल असं वाटलं. इशारा नव्हता असंही नाही. ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गच्या सरकारी हवामान कार्यालयानं त्याच दिवशी या पुराची तुलना १९१६ च्या पुराशी केली होती. ती मी मोबाइलवर वाचलीही होती. पण १९१६ म्हणजे किती पाणी, हे मला माहीत नसल्यानं तो इशारा माझ्या कानापर्यंत आला आणि हातापर्यंत पोचला नाही.

आता माहीत आहे. बिल्टमोरपाशी स्वानानोआला १० फुटांना पूर धरतात. १९१६ च्या जुलैत, लागोपाठ आलेल्या दोन वादळांनंतर, ती वीस फुटांच्या वर गेली होती. हेलेनमध्ये २६ च्या वर गेली. फ्रेंच ब्रॉड या मोठ्या नदीचा धोका साडेनऊ फुटांना. १९१६ ला ती २३ च्या थोडी वर होती, या वेळी साडेचोवीसच्या वर.

इथे एक हिशेबाची गोष्ट. आयर्विनचे ४५ फूट मोठे आणि इथले १० फूट लहान, असं नसतं. प्रत्येक मापाचा शून्य ज्याचा त्याचा. दोन नद्यांचे फूट एकमेकींशी ताडायचे नाहीत. आपल्या नदीचं रोजचं पाणी किती, पूर कितीला आणि आजवरचं सर्वांत जास्त किती, एवढे तीन आकडे माहीत असले की चौथा आकडा ऐकल्यावर काय करायचं ते आपोआप कळतं. सांगलीत २००५ ला ५३ च्या वर गेलं आणि २०१९ ला ५७ च्या वर, हे गावभागात रिक्षावालाही सांगतो. घरांच्या भिंतींवर रेघा आहेत. ॲशविलमध्ये रेघ होती, पण ती पुस्तकात होती.

कृष्णा आणि स्वानानोआ

सांगलीचं शहाणपण इथे जसंच्या तसं चालत नाही, तेही सांगायला हवं. कृष्णा सांगून येते. कोयनेतून पाणी सोडलं की कराड ओलांडून सांगलीला यायला त्याला एखादा दिवस तरी लागतो. तेवढ्यात आजीला रिक्षात बसवून, वर तिचं कुरकुरणं ऐकून घ्यायलाही वेळ मिळतो. स्वानानोआ आखूड नदी, दोन्ही बाजूंना उभे उतार. वर पडलेलं पाणी काही तासांत खाली. रात्री झोपताना ओढा आणि सकाळी उठताना समुद्र. म्हणून डोंगरातल्या गावात निर्णय पाणी चढल्यावर घ्यायचा नसतो, अंदाज आल्यावर घ्यायचा असतो.

शिवाय दरडी. हेलेननं या डोंगरांत दोन हजारांहून अधिक दरडी पाडल्या. आमच्या आग्नेयेला फेअरव्ह्यू भागात एकाच कुटुंबातली अकरा माणसं दरडीखाली गेली. हे ऐकलं तेव्हा मला दरडीखाली गाडलेलं माळीण आठवलं, तळिये आठवलं, इर्शाळवाडी आठवली. अनेक दिवसांचा पाऊस, भिजून जड झालेली माती, खाली घरं. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, किंवा भर पावसात एकदम कमी झालं, झाडं कलली, दारं चौकटीत अडकायला लागली, वरून आगगाडीसारखा घरघराट आला, तर विचार करत बसायचं नाही. बाजूला, उताराला आडवं पळायचं. पण खरी वेळ त्याच्याही आधीची. घळीच्या तोंडाशी घर असेल तर मोठा पाऊस सांगितला की ती रात्र दुसरीकडे काढायची. २००४ मध्ये फ्रान्सेस आणि आयव्हन ही दोन वादळं इथे येऊन दरडी पडल्या, तेव्हा राज्यानं दरडींचे नकाशे करायला घेतले. २०११ मध्ये पैसे थांबले, काम बंद. ते परत सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पाऊस विसरायला माणसाला सात-आठ वर्षं पुरतात.

महाराष्ट्रातही किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांनी वादळ कोकणाच्या खात्यावर टाकू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगड ओलांडून पुणे जिल्ह्यातून नाशिककडे गेलं. मावळ, मुळशी, जुन्नरच्या बाजूला त्यानं छपरं उडवली आणि विजेचे खांब पाडले.

त्रेपन्न दिवस

पूर एका दिवसात ओसरला. पिण्याजोगं पाणी मात्र त्रेपन्न दिवस आलं नाही.

गावाला पाणी मुख्यतः नॉर्थ फोर्क नावाच्या तलावातून येतं. त्याच्या धरणाचा सांडवा काही वर्षांपूर्वीच वाढवून बांधला होता, त्यामुळे धरण टिकलं. पण तिथून निघणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या वाहून गेल्या. २००४ च्या पुरातही त्या फुटल्या होत्या, म्हणून नंतर एक पर्यायी वाहिनी तब्बल २५ फूट खोल पुरली होती. तीही गेली. ओढ्यानं पात्रच बदललं, तिथे खोली काय करणार! शिवाय तलावात इतका गाळ आला की पाणी गाळण्याची यंत्रणा ते घेईना. मग तलावातच ॲल्युमिनियम सल्फेट सोडून गाळ बसवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या तुरटीची सख्खी बहीण. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी आलं की आई घागरीत तुरटीचा खडा तीनदा गोल फिरवायची. इथे तेच काम तलावभर चाललं होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, ते संडासापुरतं. पिण्याजोगं आलं १८ नोव्हेंबरला.

नवऱ्यानं आणि मी पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला. माणशी रोज चार लिटर पिण्या-रांधायला, हा इथला सरकारी ठोकताळा. दोघांचे आठ. एकदा संडासात ओतायला सहा लिटर. आमच्या घरात साठा किती? बाटलीबंद चोवीस लिटर. सांगलीत पिंप, हंडे, कळशी, पातेली सगळं भरून ठेवल्याशिवाय पावसाळ्यात न झोपणारी मी. इथे अकरा वर्षांत एक पिंप घेतलं नव्हतं.

तारलं शेजारच्या आजींनी. वय ब्याऐंशी, जन्म याच डोंगरात. वादळाचं नाव निघालं की त्या न्हाणीतला टब भरून ठेवतात. दरवर्षी आम्ही त्यांना हसायचो. त्यांच्या परसात झरा आहे. त्यावर दगडी कुंडी, वर पत्रा. शनिवारी सकाळी त्या आमच्या दारात काठी आपटत आल्या आणि म्हणाल्या, "बादल्या आण, पोरी. आणि त्या तुझ्या नवऱ्याला झाड कापता येतं का?" येत नव्हतं. मग पलीकडच्या गल्लीतला एक सुतार आला, त्याची यंत्रकरवत आली, आणि दुपारपर्यंत आमच्या वाटेवरचं झाड बाजूला झालं. सरकारी माणूस आमच्या टेकडीवर आला तो पाचव्या दिवशी. त्यात त्याचा दोष नव्हता. शुक्रवारीच राज्यानं सांगून टाकलं होतं की पश्चिमेकडचे सगळे रस्ते बंद आहेत असंच समजा. चाळीस नंबरचा महामार्ग पिजन नदीच्या घळीत तुटला होता. त्याची एकेक मार्गिका उघडायला मार्च २०२५ उजाडला.

झऱ्याचं पाणी आम्ही फडक्यानं गाळून, आजींच्या शेगडीवर उकळून प्यायलो. आठवड्याभरानं मदतीचं बाटलीबंद पाणी आलं. महापुरानंतर सांगलीत घरोघर वाटलेल्या, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्यांची मला तेव्हा फार आठवण आली.

आता काय करते

आमच्याकडे वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. १ जूनला मी काय करते ते सांगते. यातलं प्रत्येक कलम चुकून शिकलेलं आहे.

दोन मोठी पिंपं भरते. दर दोन महिन्यांनी ते पाणी झाडांना घालून पुन्हा भरते. पेटीत पाचशे डॉलर सुट्या नोटांत ठेवते. वीज आणि इंटरनेट गेल्यावर कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, दुकानदार 'नुसते रोख' असं पुठ्ठ्यावर लिहून दारात बसले होते. बॅटरीवरचा रेडिओ. फोन गेल्यावर गावाचा कान म्हणजे तोच होता. सगळी कुटुंबं अंगणात गाडीचं दार उघडून बातम्या ऐकत उभी असायची. डोंगरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी तर माउंट मिचेलवरच्या त्यांच्या यंत्रणेवरून हरवलेल्या माणसांचे निरोप दिवसरात्र पोचवले. कागदी नकाशा. पंधरा दिवसांची औषधं. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

जनरेटर घेतला आहे, पण तो घरापासून वीस फूट लांब, उघड्यावर. पडवीत नाही आणि गॅरेजमध्ये तर नाहीच. त्याच्या धुरातल्या वायूला ना वास ना रंग. वादळातून वाचलेली माणसं दुसऱ्या रात्री याच वायूनं झोपेत जातात.

गाडीबद्दलही फुटांचाच हिशेब. सहा इंच वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडतं. एक फूट पाणी छोटी गाडी ढकलू शकतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

विमा. हे कलम हिशेबनीस म्हणून सांगते. इथल्या घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेतला पुराचा विमा साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. आमच्या बंकम काउंटीत शंभरातल्या एका घराकडेही तो नव्हता. लोक म्हणत, आमचं घर पूररेषेत नाही. पूररेषा म्हणजे 'शंभर वर्षांतून एकदा'ची रेषा, आणि हे शब्दच फसवे. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शक्यता सव्वीस टक्क्यांवर जाते, चारात एक. अशी जोखीम असलेलं कर्ज मी कुणाला घेऊ देणार नाही. पण घर सगळ्यांनी घेतलं होतं, मीसुद्धा. हेलेननं अमेरिकेत अडीचशेच्या आसपास माणसं नेली, त्यातली शंभराहून अधिक एकट्या नॉर्थ कॅरोलायनातली. समुद्रापासून इतक्या लांबच्या घरांचं हे खातं आहे.

आणि आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. स्वानानोआ, बिल्टमोरपाशी: १० फूट पूर, २६ आजवरचं सर्वांत जास्त. शेजारी कामं. सात फुटांना कार्यालयातली खोकी वरच्या मजल्यावर. ही कामाची यादी मी कार्यालयातही भिंतीला लावली आहे. नव्या जागेत नवी माणसं आहेत, त्यांना थोडं हसू येतं. येऊ दे. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर फुटांचीही वाट न बघता मी बोलते, "खोकी वर नेऊ या." अकरा वर्षं न बोललेलं हे वाक्य माझ्या तोंडात आता बसलं आहे. आजींना फोन करणं हेही एक काम आहे, कागदावर सर्वांत वर. आजी म्हणतात, फोन कशाला, काठी आपट.

परवा पाऊस लागला होता, इथे आणि तिकडेही. मी भावाला फोन लावला.

"आयर्विनला किती?"

त्यानं आकडा सांगितला. काळजीचा नव्हता. मग म्हणाला, "तुझ्याकडं?"

"दोन."

"दोन काय?"

"दोन फूट. दहाला पूर. सातला मी खोकी उचलते."

पलीकडे तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हां. आत्ता कळलं, तू कुठं राहतेस ते."